ढमी उठायला किती वेळ घेते

आमची कुत्री ढमी साडेदहा वर्षांची झाली आणि तिच्या उठण्यात एक थांबा आला. पुढचे दोन पाय रोवायची, छाती वर घ्यायची आणि तिथेच बसून राहायची. मान खाली, कान मागे. मग एक खोल श्वास घेऊन मागचा भाग वर ओढायची, दुसऱ्या कुणाचं ओझं उचलावं तसा. एकदाची उभी राहिली की शेपूट हलवायची. शेपूट हलली की मी निर्धास्त.

"अगं, वय झालंय तिचं," आई म्हणायची. मीही तेच म्हणायचे, आल्यागेल्याला तेच सांगायचे. हे वाक्य आमच्या घरात तब्बल आठ महिने चाललं. ते आठ महिने ढमीने कसे काढले असतील हे मला आता कळतं, आणि कुणाच्या घरी आज हेच वाक्य चालू असेल तर त्यांनी तरी ते लवकर थांबवावं, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

खरं तर सगळं समोर होतं. वरच्या मजल्यावर माझ्या पलंगाशी झोपणारी ढमी खाली झोपू लागली. मला वाटलं, तिला खालची फरशी गार लागत असेल. डाव्या मागच्या गुडघ्यापाशी ती सारखी चाटायची. तिचे केस फिकट पिवळे, पण तेवढी एक जागा गंज चढल्यासारखी तांबूस झाली होती. लाळेने केसांना असा रंग चढतो, म्हणजे ती किती दिवस तिथे चाटत होती बघा. रात्री गरम होत नसतानाही धापा टाकायची. खांदे आणि छाती चांगली भरलेली, मांड्या मात्र बारीक झालेल्या, कारण सगळा भार तिने पुढच्या पायांवर घेतला होता. यातली एकेक गोष्ट मी पाहिली होती. एकत्र मात्र कधी पाहिली नाही.

मग एका संध्याकाळी माझा नऊ वर्षांचा मुलगा स्वयंपाकघरात रडत आला. "आई, ढमी माझ्यावर गुरगुरली." तो नेहमीसारखा तिच्या कुशीत आडवा झाला होता आणि त्याचा हात तिच्या खुब्यावर पडला होता. ढमी आयुष्यात कुणावर गुरगुरली नव्हती. मी जाऊन बसले, हलकेच तिच्या कंबरेवरून हात फिरवला, तर कातडी हाताखाली थरथरली. त्या क्षणी कळलं की तिला दुखतंय, आणि बरंच दुखतंय.

त्यानंतर मी जे केलं ते सांगायला जड जातं, पण सांगते. दवाखाना बंद झाला होता. घरातल्या औषधांच्या डब्यात आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी होती. ढमीचं वजन ३१ किलो, जवळजवळ माझ्या मुलाएवढंच, आणि त्याला ताप आला की आपण देतोच ना काही तरी, असा हिशेब करून मी तिला एक गोळी दिली. सकाळी ती जरा बरी वाटली, म्हणून रात्री दुसरी दिली. तिसऱ्या दिवशी तिने भांड्याला तोंड लावलं नाही. पिवळी उलटी झाली, त्यात कॉफीच्या चुऱ्यासारखे तपकिरी कण होते. दुपारची शी डांबरासारखी काळी आणि चिकट होती.

काळी शी म्हणजे पोटात वरच्या भागात कुठे तरी रक्त जातंय आणि पचून बाहेर पडतंय, हे डॉक्टरांनी मला टेबलाशी उभं राहून समजावलं. सूज आणि वेदना निर्माण करणाऱ्या द्रव्यांबरोबरच, जठराच्या अस्तराचं रक्षण करणारी आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळणारी द्रव्यंही आयबुप्रोफेनसारखी औषधं अडवतात. माणसांच्या गोळ्यांचा हा दुसरा परिणाम कुत्र्याला फार लवकर भोवतो. आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, डायक्लोफेनॅक, ही नावं कुत्र्याच्या बाबतीत विसरून जायची. नॅप्रोक्सेन तर कुत्र्याच्या शरीरात कित्येक दिवस रेंगाळतं.

मग त्यांनी विचारलं, "घरात मांजर आहे का?" आहे, चिंगी, तेरा वर्षांची. "तिला पॅरासिटामॉल कधीही, कितीही थोडं, देऊ नका. एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते." मांजराच्या यकृतात ते औषध निकामी करणारी यंत्रणा फारच दुबळी असते. रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता जाते, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. मी त्या रात्री चिंगीचा विचारही केला नव्हता. तिचं काही दुखत असतं तर मी तिलाही अर्धी गोळी दिली असती. आजही त्या विचाराने हात गार पडतात.

डॉक्टर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत ते बरं झालं. बरेच जण लाजेने लपवतात, आणि आम्ही त्यावर दुसरं वेदनाशामक देऊन बसतो." अशी दोन औषधं एकावर एक गेली, किंवा यातलं एखादं आणि स्टेरॉइड एकत्र गेलं, तर जठराला भोक पडण्यापर्यंत मजल जाऊ शकते. म्हणजे माझ्या त्या दोन गोळ्यांची किंमत दुहेरी होती. पोट बिघडलं ते तर बिघडलंच, वर ज्या औषधाची तिला खरी गरज होती ते पोट बरं होईपर्यंत लांबलं. सलाइन, आम्ल कमी करणारी गोळी, आणि रिकाम्या पोटी, बाकी औषधांपासून वेगळं द्यायचं, जठराला आतून लेप देणारं सुक्रालफेट. असे दोन आठवडे गेले. त्या काळात तिला गॅबापेन्टिन हे वेगळ्या प्रकारचं वेदनाशामक दिलं. ते पोटाला त्रास देत नाही, पण पहिले चार दिवस ती झिंगल्यासारखी चालायची. एक गोष्ट इथे लिहून ठेवते: माणसांसाठी मिळणाऱ्या काही पातळ औषधांत, गॅबापेन्टिनच्याही, झायलिटॉल नावाचा साखरेसारखा गोड पदार्थ असतो. तो कुत्र्याला विषासारखा असतो. त्यामुळे पातळ औषध आणायचं झालं तर घटक वाचूनच आणावं.

तपासणी कशी झाली ते मला जसंच्या तसं आठवतं. डॉक्टरांनी दुखऱ्या पायाला आधी हात लावलाच नाही. पुढच्या उजव्या पंजाच्या बोटांपासून सुरुवात केली, एकेक सांधा दुमडून, ताणून पुढे सरकत गेल्या. डावा मागचा पाय हळूहळू मागे ताणला तेव्हा ढमी ओरडली नाही, दात दाखवले नाहीत. तिने फक्त ओठ चाटले आणि मान वळवून डॉक्टरांच्या हाताकडे पाहिलं. "हेच तिचं ओरडणं," डॉक्टर म्हणाल्या. मी तोवर कण्हण्याची, लंगडण्याची वाट बघत होते. दीर्घकाळ दुखणारा कुत्रा सहसा ओरडत नाही, तो एकेक गोष्ट सोडून देत जातो.

गुंगी देऊन एक्स-रे काढले. दोन्ही खुबे लहानपणापासून सैल, वाट्या उथळ झालेल्या, कडांवर हाडं वाढलेली. कंबरेच्या मणक्यांनाही काटे आलेले. मी फोटो पाहून हादरले, तर डॉक्टरांनी थांबवलं. फोटो किती वाईट दिसतो आणि जनावराला किती दुखतं याचा थेट मेळ बसत नाही. कुणाचे फोटो भयंकर आणि चाल ठीक, कुणाचं अगदी उलट. म्हणून आता घरी मोजायचं, असं त्यांनी सांगितलं.

या मोजण्यानेच पुढचं सगळं सावरलं असं मला मनापासून वाटतं. त्यांनी एक प्रश्नावली दिली, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कुत्र्यांच्या सांधेदुखीसाठी तयार झालेली. गेल्या सात दिवसांतली सर्वांत जास्त वेदना, सर्वांत कमी, सरासरी आणि आत्ताची. मग उठणं, चालणं, धावणं, चढणं आणि जगण्यातला आनंद यांत दुखण्याचा किती अडथळा येतो. प्रत्येकाला ० ते १० गुण. दर रविवारी तीच व्यक्ती, म्हणजे मी, भरणार. आठवड्यातून एकदा त्याच फरशीवर, त्याच कोनातून चालण्याचा व्हिडिओ काढायचा, कारण दवाखान्यात शिरल्यावर भीतीपोटी कुत्री आपलं दुखणं विसरल्यासारखी वागतात आणि डॉक्टरांना खरी चाल दिसतच नाही. मुलाने त्यात आपली भर घातली: सकाळी ढमी पहिल्यांदा उठते तेव्हा किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून मोजायचं. पहिल्या दिवशीचा आकडा वहीत आहे, ११.

पोट बरं झाल्यावर रक्त तपासलं. यकृत आणि मूत्रपिंडाचे आकडे ठीक आले तेव्हा मेलॉक्सिकॅम सुरू झालं. कुत्र्यांसाठी त्याचं पातळ औषध मिळतं, सोबत वजनाच्या खुणा असलेली पिचकारी. पहिल्या दिवशी किलोमागे ०.२ मि.ग्रॅ., नंतर रोज ०.१, तेही पोटभर खाल्ल्यावरच. हे तिच्या डॉक्टरांनी तिचं रक्त पाहून ठरवलं होतं. कुणी हे वाचून घरच्या कुत्र्याला देऊ नका. मांजराचं प्रमाण वेगळं असतं आणि त्यातले धोकेही वेगळे. याच गटात कार्प्रोफेन, फिरोकॉक्सिब, रोबेनाकॉक्सिब ही औषधं आहेत. ग्रॅपिप्रँट जरा वेगळ्या जागी काम करतं. एक मानवलं नाही तर मध्ये काही दिवस सोडून दुसरं देऊन बघता येतं. उलटी, खाणं सुटणं, काळी शी, एकदम वाढलेली तहान, यातलं काहीही दिसलं की औषध त्याच क्षणी थांबवून फोन करायचा, ही सूचना मी फ्रिजच्या दारावर चिकटवली.

चौथ्या दिवशी ८ सेकंद. नवव्या दिवशी ५. अकराव्या दिवशी मी भाजी चिरत होते तर पायाशी काही तरी ओलसर येऊन पडलं. तिचा जुना दोर, गाठी मारलेला. कपाटामागे वर्षभर पडून होता. तो तिने कसा काढला माहीत नाही. आणून टाकला आणि पुढचे पाय वाकवून, मागचा भाग वर करून माझ्याकडे बघत राहिली. मी सुरी ठेवली आणि तिथेच जमिनीवर बसून रडले. आठ महिने मी जिला म्हातारपण म्हणत होते ती वेदना होती.

नुसत्या औषधावर मात्र भागत नाही. वजन हा आमच्या घरातला सगळ्यांत कठीण भाग ठरला, कारण तिथे सगळेच दोषी होतो. खाणं डोळ्याच्या अंदाजाने न घालता काट्यावर तोलून घालायला लागलो. आईला बिस्किटं सोडवत नव्हती. "तेवढाच तिला आनंद गं," म्हणायची. मग मी वहीतले आकडे दाखवले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संधिवात झालेल्या लठ्ठ कुत्र्यांचं वजन ६ टक्क्यांहून जास्त उतरलं, तेव्हा त्यांचं लंगडणं लक्षात येण्याइतकं कमी झालं होतं. ३१ किलोचे ६ टक्के म्हणजे दोन किलोंच्या आतच. ते आईला जमण्यासारखं वाटलं. पाच महिन्यांत ढमी २८ वर आली आणि औषधाचं प्रमाणही वजनाबरोबर खाली आलं.

फरशी हा तसाच दुसरा शत्रू. गुळगुळीत फरशीवर सैल खुब्यांचा कुत्रा प्रत्येक पावलाला पाय फाकू नयेत म्हणून स्नायू आवळून चालतो, आणि संध्याकाळपर्यंत ते स्नायूच दुखायला लागतात. आम्ही तिच्या झोपण्याच्या जागेपासून पाण्यापर्यंत आणि दारापर्यंत, न घसरणाऱ्या चटयांचा रस्ता केला. नखं कापली, पंजाच्या गाद्यांमधले वाढलेले केस कापले. एवढ्याने त्या रविवारच्या चालण्याच्या रकान्यात दोन गुणांचा फरक पडला. कंबरेखाली मूठ असलेला पट्टा घेतला, पायऱ्यांवर तिला नुसता आधार द्यायला. आधी मी तिला रोज थोडं आणि सुट्टीच्या दिवशी भरपूर फिरवायचे, नि दुसऱ्या दिवशी ती आखडायची. आता दिवसातून तीन वेळा १२ मिनिटं, सातही दिवस.

सगळंच लागू पडलं असं नाही. लेझरचे सहा सेशन केले, आकडे जिथल्या तिथे. ग्लुकोसामाइन तीन महिने दिलं, वहीत काही उमटलं नाही, बंद केलं. माशाच्या तेलातलं ओमेगा-३ मात्र ठेवलं आहे, कारण त्यामागे बऱ्यापैकी पुरावा आहे आणि तिच्या केसांचा कोरडेपणाही कमी झाला. कोमट शेक, आपल्या मनगटावर आधी सोसून बघितलेला, दहा-पंधरा मिनिटं. हा तिला इतका आवडतो की पिशवी दिसली की ती स्वतःहून डावी बाजू वर करून आडवी होते.

थंडी आली आणि सकाळचा आकडा पुन्हा ९ वर गेला. वही नसती तर मी पुन्हा "वय झालंय" म्हणून गप्प बसले असते. डॉक्टरांनी तीन वाटा समोर ठेवल्या. ट्रॅमाडॉल खूप ठिकाणी दिलं जातं, पण २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका नीट आखलेल्या चाचणीत कुत्र्यांच्या सांधेदुखीवर त्याचा उपयोग दिसला नाही, म्हणून त्यांनीच ते बाजूला काढलं. दुसरी वाट महिन्यातून एकदा घ्यायच्या बेडिनव्हेटमॅब या प्रतिपिंडाच्या इंजेक्शनची. वेदनेचा निरोप वाढवणारं एक प्रथिन ते अडवतं. युरोपात ते २०२० पासून मान्य आहे, अमेरिकेत २०२३ पासून. अनेक कुत्र्यांना त्याने सुंदर गुण येतो. पण डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पशुवैद्यांना पत्र पाठवून तोल जाणं, झटके येणं अशा नोंदवल्या गेलेल्या तक्रारींकडे लक्ष वेधलं होतं. ढमीच्या कंबरेचे मणके आधीच बिघडलेले आणि मागचे पंजे कधी कधी घासत चालायची. उद्या तोल गेला तर तो मणक्यामुळे की इंजेक्शनमुळे, हे ओळखणं अवघड होईल. डॉक्टरांचं हे म्हणणं मला पटलं. आम्ही ती वाट बंद केली नाही, मागे ठेवली. तिसरी वाट अमँटाडिनची. ते एकटं फारसं काही करत नाही, पण दीर्घकाळच्या दुखण्याने अतिसंवेदनशील झालेल्या मज्जासंस्थेला शांत करतं, आणि २००८ च्या एका अभ्यासात मेलॉक्सिकॅमच्या जोडीला दिल्यावर कुत्र्यांची हालचाल सुधारली होती. तेच सुरू केलं. फरक दिसायला तीनेक आठवडे लागले. आकडा ६ वर आला आणि टिकला.

या सगळ्यात चिंगी खिडकीच्या कट्ट्यावर जायची बंद झाली होती. ढमीमुळे डोळे उघडले नसते तर तेही मी वयावर ढकललं असतं. मांजर सहसा लंगडत नाही, ते उडी मारणं सोडतं. पाठीचे केस चाटून साफ करायला वळता येत नाही म्हणून तिथे जटा होतात. मातीच्या ट्रेची कड उंच वाटते म्हणून ते ट्रेच्या बाहेर घाण करतं आणि बोलणी खातं. चिंगीने आमची बोलणी खाल्ली होती. २००२ साली बारा वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासले गेले, तेव्हा ९० जणांच्या सांध्यांत झीज दिसली होती. शंभरात नव्वद! ट्रेची एक कड कापून खाली केली, कट्ट्याशी एक पेटी पायरीसारखी ठेवली. मांजराचा चेहरा वाचायलाही शिकले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतीत कान, डोळ्यांचं आकसणं, नाकाभोवतीचा ताण, मिशा आणि डोकं धरण्याची पद्धत, या पाच गोष्टींना गुण देतात. तिच्या मूत्रपिंडाचे आकडे काठावर आहेत, त्यामुळे गोळ्यांऐवजी मांजरांसाठीच्या मासिक इंजेक्शनचा विचार चालू आहे. फ्रुनेव्हेटमॅब. २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्य केलेलं ते प्राण्यांसाठीचं पहिलंच असं प्रतिपिंड.

मैत्रिणीचा ससा दात करकरत कोपऱ्यात बसला होता तेव्हा तिने मला विचारलं, उद्यापर्यंत वाट बघू का. मी तिला तेव्हाच निघायला लावलं. दुखणारा ससा खाणं सोडतो आणि खाणं सुटलं की त्याचं आतडंच थांबतं. त्याच्याजवळ उद्यापर्यंतचा वेळ नसतो.

ढमी आता साडेबारा वर्षांची आहे. जिना चढत नाही, म्हणून मीच गादी खाली आणली. मुलगा तिच्या उजव्या कुशीला झोपतो, डावी बाजू मोकळी ठेवून. दर तीन महिन्यांनी रक्त तपासतो. पुढची तपासणी येत्या गुरुवारी आहे, त्याआधी व्हिडिओ काढायचा आहे. आजच्या पानावर मुलाच्या अक्षरात लिहिलंय: ६ सेकंद, दोर आणला, गाठ सोडली नाही.